सत्तावीस नंबरच्या शीटवरची वाळू

आमच्या नकाशा-भांडारात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिची त्याला हरकत नव्हती. हरकत घ्यायला एका जागी थांबावं लागतं. मी बाहेर वाचनकक्षाच्या टेबलाशी, ती आत भांडारात, अशी आम्ही तोवर चौदा वर्षं शेजारी काढली होती. पण या चौदा वर्षांत तिने एक कप चहा बसून संपवल्याचं मला आठवत नाही. कप कधी खिडकीच्या कट्ट्यावर, कधी शिडीच्या पायरीवर, तर कधी माझ्याच रजिस्टरावर सापडायचा. अर्धा आणि गार.

काम मात्र तिचं चोख. किनाऱ्याचे सगळे जुने नकाशे तिच्या ताब्यात होते. आमचा किनारा त्रेचाळीस शीटांत मावतो, आणि त्याची मोजणी तीनदा झाली आहे. पहिली या गोष्टीच्या वेळेपासून एकशे दहा वर्षांपूर्वी, दुसरी सेहेचाळीस वर्षांपूर्वी आणि तिसरी अलीकडची, एकोणीस वर्षांपूर्वीची. कापडावर डकवलेली ती मोठाली शीटं सपाट खणांत आडवी ठेवलेली असायची. कोपरा फाटला की भिंगरी पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवायची, वर काच ठेवायची, आणि खळ वाळेपर्यंत ती पाच वेळा उचलून बघायची. "अगं, वाळू दे की," मी म्हणायचे. "वाळतंय का ते बघतेय," ती म्हणायची.

तिचे वडील, अप्पा, याच कचेरीत आरेखक होते. म्हणजे मोजणीदार उन्हातान्हात फिरून वहीत मापं लिहून आणणार, आणि अप्पा इथे टेबलाशी बसून टाकाने त्याचा नकाशा करणार. त्या वहीला फील्डबुक म्हणतात. अप्पांचा हात असा होता की वरच्या कचेरीतले लोक त्यांची शीटं नव्या लोकांना दाखवायला मागून नेत. त्यातलं सर्वांत गाजलेलं शीट म्हणजे दुसऱ्या मोजणीचं सत्तावीस नंबर: खाडीचं तोंड, आणि पलीकडे समुद्रात गेलेली वाळूची लांब पट्टी. त्या पट्टीवर अप्पांनी हाताने वाळूचे हजारो ठिपके दिले होते, पाण्याजवळ दाट, मधे विरळ. त्याची एक छापील प्रत त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलासमोर फ्रेममध्ये लावलेली होती. भिंगरी लहानपणी दूध पिताना ते ठिपके मोजायची. तीनशेच्या पुढे कधी गेली नाही, उठून जायची.

आता घडलं ते सांगते.

एके सकाळी वाचनकक्षात एक नावाडी आला. साठीचा, उन्हाने रापलेला, पायात रबरी चपला. खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा. त्याने काखेतली गुंडाळी माझ्या टेबलावर उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर काय ठेवू म्हणून इकडेतिकडे बघू लागला. मी स्टेपलर दिला, पाण्याची बाटली दिली.

"ताई, ह्या कागदात आमची घरं नाहीत," तो म्हणाला. "कुठे गेली?"

ती सत्तावीस नंबरची प्रत होती. बंदर खात्याला त्या पट्टीवर धक्का बांधायचा होता, आणि पट्टीवर पासष्ट घरांची वस्ती होती. खात्याचं म्हणणं सरळ होतं. पहिल्या मोजणीत तिथे अकरा घरं दिसतात, दुसऱ्या मोजणीत एकही नाही, तिसऱ्या मोजणीत बावन्न. म्हणजे जुनी वस्ती केव्हाच उठली, आणि आताचे लोक मागाहून येऊन बसलेले. मागाहून आलेल्यांना बदली जागा द्यायची नसते.

"माझा जन्म तिथला," नावाडी म्हणाला. "मी काय वाळूत पुरून घेतलं होतं स्वतःला, तुमचा माणूस मोजायला आला तेव्हा?"

मी काही बोलणार तोच मागे खण आपटल्याचा आवाज आला. भिंगरी दारात उभी होती. ती टेबलाशी आली, नकाशावर वाकली, आणि तशीच वाकून राहिली. चौदा वर्षांत प्रथमच मी तिला इतका वेळ न हलता पाहिलं. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही परवा याल का?" आणि आत निघून गेली.

त्या दिवशी तिने सगळ्या खणांच्या चिठ्ठ्या काढून नव्या लावल्या. गरज काहीच नव्हती.

डोक्यात भुंगा शिरला की माणूस बसून विचार करतो; ही चालत करायची. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तर मला फोन करून म्हणाली, "चल, खाडीवर जाऊ." नावाड्याच्याच होडीतून आम्ही पलीकडे गेलो. तिच्याकडे पहिल्या मोजणीच्या शीटची छायाप्रत होती. त्यावर अकरा काळे चौकोन, एक विहिरीचं गोल चिन्ह आणि झाडांची रांग. पट्टीवर उतरल्यावर ती नकाशा हातात धरून अशी काही चालत सुटली की घरांच्या पायऱ्यांवर जाळी दुरुस्त करत बसलेल्या बायका माना वर करून बघू लागल्या. विहीर सापडली. दगडी काठ, दोऱ्यांनी घासून पडलेल्या खाचा. तिने एका खाचेत बोट घातलं, ते पेरभर आत गेलं.

"हे किती वर्षांत होतं?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? मी रजिस्टर लिहिते," मी म्हणाले.

"पण विहिरीने काही सिद्ध होत नाही ना. विहीर जुनी, माणसं नवी, असं म्हणतील." आणि ती पुन्हा चालू लागली. परतीच्या होडीतही ती उभीच होती. नावाडी दोनदा म्हणाला, बसा बाई, होडी कलते. तिसऱ्यांदा त्याने नुसतं वल्हं थांबवलं, तेव्हा बसली.

त्या संध्याकाळी जेवणाआधी तिने अप्पांना विचारलं. हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, खळ ढवळता ढवळता.

"अप्पा, सत्तावीसच्या पट्टीवर तुम्ही घरं का नाही दाखवली?"

"फील्डबुकात नव्हती."

"फील्डबुकात वाळू होती?"

अप्पा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचायचे. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "समुद्रकाठी वाळू नाही तर काय गहू असतात?"

"म्हणजे तुम्ही अंदाजाने ठिपके दिलेत."

"तीन दिवस बसून दिलेत," अप्पा म्हणाले. "आणि माझ्या कामावर बोट ठेवायला तू निघालीस? तू? तुला टाक धरता येत नाही सरळ." एवढं बोलून ते उठले ते न जेवताच. घरात तेव्हापासून अबोला. दोघंच माणसं घरात, त्यात अबोला, म्हणजे भांड्यांनाच काय ते बोलायचं.

इथे भिंगरीने थांबायला हरकत नव्हती. कोणी तिला काही विचारलं नव्हतं. पण तिचा जीव टांगणीला लागलेला. तिला ते फील्डबुक हवं होतं.

जुनी फील्डबुकं तळघरात, पोत्यांत भरलेली. मधे एका वर्षी तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हा घाईत कोणी काय कुठे कोंबलं याचा पत्ता नव्हता. यादीही पाण्यातच गेली होती. भिंगरी रोज दुपारच्या सुट्टीत खाली जायची आणि केसांत जाळी-जळमटं घेऊन वर यायची. अकराव्या दिवशी ती आली ती पायऱ्या दोन-दोन चढत. हातात बोटभर जाडीची एक वही, पुठ्ठा फुगलेला, कडा तपकिरी.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने वाच. मी वाचलंय ते खरंच तिथे आहे का बघ."

मी वाचलं. पेन्सिलीची बारीक अक्षरं होती. कुणा मोजणीदाराने लिहिलं होतं: "भरती फार. नाव मिळाली नाही. खाडीपलीकडील पट्टी राहिली. पलीकडे चार-पाच ठिकाणी चुलींचा धूर दिसतो, घरे असावीत. मागाहून पाहावी."

आणि पुढचं पान कोरं. मागाहून कोणी पाहिलं नव्हतं.

भिंगरीने वही माझ्या हातून घेतली, दोन पावलं गेली, परत आली. "धूर लिहिलाय गं त्याने," ती म्हणाली. "अप्पांनी हे वाचलं असणार. ते एक ओळ सोडत नाहीत कधी."

ती वही घेऊन ती साहेबांकडे गेली. आमचे साहेब भला माणूस, पण स्वभाव असा की समोर आलेला प्रत्येक कागद दुसऱ्या टेबलाचा आहे असं त्यांना वाटायचं. ते म्हणाले, "बाई, मागेल त्याला मागेल ते द्यायचं, हे आपलं काम. न मागितलेलं आपण होऊन कशाला काढायचं?"

"पण त्यांना माहीतच नाही की असं काही असतं. मागणार कसं?"

"ते त्यांनी बघावं."

"बरं," भिंगरी म्हणाली. तिचं 'बरं' मला ठाऊक होतं. नावाडी ठरल्याप्रमाणे आधीच एकदा येऊन हात हलवत परत गेला होता; तो पुन्हा आला तेव्हा ती माझ्या टेबलाशी उभी राहून, माझ्याकडे बघत, त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अगं, कोणी सत्तावीसच्या दुसऱ्या मोजणीचं फील्डबुक मागितलं तर अर्ज कोणता भरायचा गं?"

मी म्हणाले, "हा." आणि अर्ज टेबलावर ठेवला. नावाड्याने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, अर्ज ओढून घेतला आणि म्हणाला, "शब्द सांगा, लिहितो."

वस्तीच्या बदली जागेच्या सुनावणीला कागद खरे आहेत हे सांगायला भांडारातर्फे भिंगरीलाच जावं लागलं. मीही गेले, कारण रजिस्टर माझ्याकडे. लांब खोली, पंखे, मागे वस्तीतली तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसलेली. सुनावणी घेणारी अधिकारी बाई चष्म्यावरून बघणारी, कमी बोलणारी. फील्डबुक वाचून झाल्यावर बंदर खात्याचा वकील उठला.

"ही टीप आहे, मान्य," तो म्हणाला. "पण नकाशा या टिपेनंतर तयार झाला. मधल्या काळात कोणी जाऊन पाहिलं असेल, पट्टी रिकामी आहे असं कळलं असेल, म्हणूनच आरेखकाने ती रिकामी दाखवली. एवढा काळजीपूर्वक काढलेला नकाशा! वाळूचा कण न् कण दाखवलाय. असा माणूस घरं विसरेल?"

इथेच घोडं पेंड खात होतं. खोलीत चुळबुळ झाली. अधिकारी बाईंनी भिंगरीला विचारलं, "मधे पाहणी झाल्याची काही नोंद आहे?"

"नाही."

"नाही की सापडली नाही?"

भिंगरीने हातातला रुमाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "आरेखक माझे वडील आहेत. हयात आहेत. त्यांनाच विचारा."

हे ती बोलणार हे मला माहीत नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिलाही माहीत नसावं. बाहेर आल्यावर तिने पूर्ण आवाराला तीन फेऱ्या मारल्या. मी मागे मागे. "काय केलं मी? काय केलं गं मी?" एवढंच म्हणत होती.

अप्पांना बोलावणं गेलं. तो कागद तिनेच घरी नेऊन टेबलावर ठेवला. अप्पांनी भिंगाने तो वाचला, घडी घातली, आणि त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "तारीख कोणती?"

त्या तारखेला अप्पा कडक इस्त्रीचा सदरा घालून, खिशात स्वतःचं भिंग घेऊन आले. मुलीच्या हाताचा आधार घेतला नाही. समोर सत्तावीस नंबरचं मूळ शीट अंथरलेलं होतं. ते वाकले आणि बराच वेळ बघत राहिले, इतका वेळ की अधिकारी बाईंना खाकरावं लागलं.

"हे तुम्ही काढलंत?"

"ठिपके माझे आहेत," अप्पा म्हणाले. "अक्षरं दुसऱ्याची. त्याचा 'क' नेहमी लंगडा."

"पट्टीवर घरं नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"घरं नाहीत असं मी कुठे लिहिलंय?" अप्पांचा आवाज चढला. मागून कोणीतरी हसलं. वकील म्हणाला, "पण रिकामी वाळू दाखवलीत, त्याचा अर्थ तोच होतो ना?"

अप्पांनी भिंग खिशातून काढलं, पुन्हा ठेवलं. मग ते खुर्चीत बसले. "जागा पाहिली नसेल तर ती कोरी सोडायची आणि खाली टीप द्यायची, 'पाहणी झाली नाही'. असा नियम होता," ते म्हणाले. "मी टीप दिली नाही. धुराची ओळ मी वाचली होती. मोजणीदाराने दुसऱ्यांदा जायचं होतं, तो तापाने पडला. शीट महिनाअखेर वर पाठवायचं होतं. टीप असलेलं शीट परत यायचं, आणि परत आलेल्या शीटचा दोष आरेखकाच्या नावावर लागायचा. मी तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो. मी वाळू भरली. सुंदर भरली. कोणी विचारलंच नाही."

अप्पा पुढे म्हणाले, "मधे कोणीही पाहणी केली नाही. लिहून घ्या."

मी भिंगरीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या पायाचा अंगठा फरशीवर एकसारखा हलत होता.

बाहेर पडताना नावाडी अप्पांच्या वाटेत आला. मला वाटलं आता हा चार शब्द सुनावणार. त्याला अधिकार होता. तो म्हणाला, "त्या साली मी चौदा वर्षांचा होतो. पलीकडे कोणी मोजणारा उभा आहे असं दिसलं असतं, तर मीच होडी आणली असती." अप्पांनी मान हलवली. नावाडी थांबला नाही.

निकाल लागायला सात महिने गेले. दुसऱ्या मोजणीचं शीट रिकामेपणाचा पुरावा धरता येत नाही, वस्ती सलग राहिलेली आहे, असं अधिकारी बाईंनी लिहिलं. धक्का थांबला नाही. पण पासष्ट घरांना खाडीच्या अलीकडे, एकत्र, एकाच जागी जागा मिळाली. नावाडी ती दाखवायला आम्हाला घेऊन गेला. चांगली सपाट जागा होती, रस्ता जवळ. "घर चांगलं आहे," तो म्हणाला, "पण सकाळी दार उघडलं की पाणी दिसत नाही. भरती आली की गेली हे मला आता दुसऱ्याला विचारावं लागतं." खाडीवरची तर बंद झाली होती. तो धक्क्यावर पहारेकरी म्हणून लागला.

साहेबांनी भिंगरीवर पक्षकाराला सल्ला दिल्याचा ठपका ठेवला आणि तिला नऊ महिने आवक-जावक टेबलावर बसवलं. बसवलं म्हणजे खरोखर बसवलं. खुर्ची, शिक्का, पाकिटं. मला वाटलं ही वेडी होईल. झाली नाही, कारण तिने दुसरंच काम अंगाला लावून घेतलं. तळघरातली बाकीची फील्डबुकं सुट्टीत वर आणून ती एकेक शीटशी ताडून पाहू लागली. जिथे मोजणीदार पोचलाच नाही आणि नकाशा मात्र भरलेला आहे, अशा जागांची यादी करू लागली. त्रेचाळीस शीटांत तिला आणखी सहा सापडल्या.

अप्पांशी तिचं एकदम जमलं असं नाही. अबोला गेला, पण बोलणं आलं ते मापून. एका रविवारी तिने यादीतल्या पहिल्या शीटची प्रत टेबलावर ठेवली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. परत आली तर अप्पा भिंग लावून बसलेले. "हे माझं नाही," ते म्हणाले. "हे डावखुऱ्याचं. ठिपके उजवीकडून सुरू केलेत, बघ. आणि हा दलदलीची चिन्हं द्यायला कंटाळायचा. इथे दलदल असणार." पुढची दोन वर्षं दोघं त्या सहा शीटांवर भांडत बसली. ती उभी, ते बसलेले. कोणाचा हात, कोणाची घाई, कोणी काय झाकलं, हे अप्पा ठिपक्यांवरून सांगायचे आणि ती वहीत लिहायची. सहावं शीट व्हायच्या आत अप्पा गेले. तीन दिवसांच्या रजेनंतर ती कामावर आली तेव्हा तिने माझ्या टेबलावर वही ठेवली आणि म्हणाली, "पाच झाली. सहावं मला एकटीला ओळखता येत नाही."

नऊ महिन्यांनी साहेब निवृत्त झाले तेव्हाच भिंगरी भांडारात परत आली होती. आता ती दर रजेला त्या सहापैकी एकेका जागी जाऊन बघून येते. दोन ठिकाणी घरं निघाली, एके ठिकाणी पडकी गोदी, एके ठिकाणी डावखुऱ्याने टाळलेली दलदल. गेल्या महिन्यात ती पाचव्या जागी गेली होती. बस, मग होडी, मग दोन मैल पायी. दुपारी फोन आला, वाऱ्यात अर्धा ऐकू येणारा.

"अगं, इथे काही नाही!"

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे वाळू आहे. नकाशात आहे तशीच. मी दोन तास चालतेय. एक विटेचा तुकडा नाही, खांब नाही, काही नाही. एक म्हातारी भेटली, ती म्हणते इथे कधीच कोणी राहत नव्हतं."

"मग बरंच झालं की," मी म्हणाले. "न बघता काढलं, पण बरोबर काढलं."

मग ती म्हणाली, "म्हातारी म्हणते पुढे डोंगराच्या टोकापलीकडे पूर्वी काहीतरी होतं. होडी चारला आहे. मी जाऊन येते पटकन."

घड्याळात साडेतीन वाजले होते. मी म्हणाले, "होडी चुकेल तुझी."

पण तिने फोन ठेवला होता. त्या दिवशी होडी चुकलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, चपलेचा पट्टा तुटलेला, आणि यादीत डोंगराच्या टोकापलीकडची सातवी जागा लिहिली.